मिठाच्या पाण्यातून फुकट हायड्रोजन? नाही!

'सोलर पॅनलच्या वायरी मिठाच्या पाण्यात सोडा, नागपूरच्या उन्हावर फुकट हायड्रोजन मिळवा, त्यावर स्वयंपाक करा' हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. बुडबुडे खरे, हिशेब खोटा.

1 किलो हायड्रोजनसाठी निदान 9 लिटर पाणी आणि प्रत्यक्षात 50 ते 55 युनिट वीज लागते. छपरावरचं 1 किलोवॅटचं पॅनल दिवसाला साधारण 4 युनिट देतं. म्हणजे उत्तम यंत्रावरही 80 ग्रॅमच्या आतच. त्यापेक्षा त्या विजेवर सरळ इंडक्शन शेगडी चालवा.

मिठाचा धोका मोठा आहे. धन टोकाला क्लोरीन सुटतो, बंद स्वयंपाकघरात तो फुप्फुसं जाळतो. स्टीलचा चमचा लावला तर तो झिजतो, पाणी तपकिरी होतं, त्यात विषारी क्रोमियम उतरू शकतं. म्हणूनच कारखान्यात निकेलचे इलेक्ट्रोड (वीज पाण्यात नेणारी टोकं), मिठाऐवजी 25 ते 30 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण आणि हायड्रोजन व ऑक्सिजन हे दोन्ही वायू वेगळे ठेवणारा पडदा असतो. बरणीत पडदा नसतो, वायू मिसळतात. हवेत 4 टक्के हायड्रोजनही ठिणगीने पेटतो. हा प्रयोग मुलांना अजिबात करू देऊ नका.

आणि मे महिन्यातल्या 45 अंशांत जास्त गॅस, हेही चूक. पॅनलला उजेड हवा, उष्णता नको: ते 65 अंशांवर तापलं की वीज साधारण 15 टक्क्यांनी घटते.