किडनीत शिरलेले राखणदार

मधुमेहाने किडनी झिजते असं सर्रास म्हटलं जातं. पण आत जे चालतं ते झिजेपेक्षा न भरणाऱ्या जखमेसारखं आहे, आणि ती चिघळवण्यात आपल्याच रोगप्रतिकारशक्तीचा मोठा हात असतो.

एका किडनीत साधारण 10 लाख गाळण्या असतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात; त्यातला दीड-दोन लिटर लघवीवाटे जातो, बाकीचा रक्तात परततो. गाळणी म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. त्यावर पोडोसाइट नावाच्या पेशी बोटांत बोटं अडकवून बसलेल्या असतात. त्या मेल्या की त्यांची जागा सहसा भरून निघत नाही.

रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की ती प्रथिनांना चिकटते. तीन महिन्यांची साखर कळावी म्हणून आपण एचबीएवनसी तपासतो, तेव्हा हिमोग्लोबिनला चिकटलेली साखरच मोजतो. गाळणीच्या पडद्यातली प्रथिनंही अशीच बिघडतात. त्यांचा त्रास झालेल्या पेशी एमसीपी-1 नावाचं रसायन सोडतात. हा निरोप मिळताच रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी किडनीत शिरतात आणि तिथे मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या राखणदार पेशी, बनतात.

जंतू असता तर त्याला मारून काम आटोपलं असतं. इथे मारायला कुणी नाही आणि साखर तर रोजची. त्यामुळे हे राखणदार घरी परततच नाहीत. ते टीएनएफ-अल्फासारखी दाहक द्रव्यं सोडत राहतात, आणि टीजीएफ-बीटा या रसायनाच्या इशाऱ्यावर जखम बुजवणारे चिवट धागे विणले जातात. फाटलेलं जाळं शिवायच्या नादात त्याची भोकंच बुजवून टाकावीत, तसं होतं. धाग्यांनी भरलेली गाळणी पुन्हा उघडत नाही.

हे सगळं न दुखता घडतं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, रक्तात वाढेपर्यंत बराच भाग गेलेला असतो, म्हणून लघवीत उतरलेलं अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन आधी पाहायचं. सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना, तपासणीचं नाव एसीआर, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण. ते 30 मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत ठीक, 300 च्या वर गंभीर. टाइप 2 मध्ये निदान झाल्यापासूनच दरवर्षी ही तपासणी करावी. ताप, लघवीचा संसर्ग, पाळी किंवा आदल्या दिवशीचे अतिश्रम यांनी आकडा उगाच वाढतो. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वाढलेले आले तरच खरं मानतात.

दाहच मूळ असेल तर दाह कमी करणारी गोळी घ्यावी, असं वाटणं साहजिक आहे. भातलावणीच्या दिवसांत कंबर धरली की कोकणात दुकानातून डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी आणली जातेच. पण गाळणीकडे रक्त नेणारी वाहिनी उघडी ठेवणारी द्रव्यंच ही गोळी अडवते. चिखलात दिवसभर घाम गाळून पाणी कमी प्यालेल्या मधुमेह्याला ती चांगलीच महागात पडू शकते. स्टिरॉइडही उपयोगी नाही, साखर भडकते.

मग उपाय? साखर आणि रक्तदाब आवाक्यात ठेवणं हा पाया. लोसार्टनसारखी रक्तदाबावरची औषधं आणि डापाग्लिफ्लोझिनच्या गटातली मधुमेहावरची औषधं गाळणीतला दाब उतरवतात. फिनेरेनोन हे औषध थेट दाह आणि धागे विणण्याच्या प्रक्रियेवर बोट ठेवतं. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिडेलिओ चाचणीत साडेपाच हजारांहून अधिक रुग्णांमध्ये त्याने किडनीचा ऱ्हास मंदावल्याचं दिसलं. मिठाची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. खारा बांगडा आणि सुकट रोज पानात असेल तर ही मर्यादा केव्हाच ओलांडली जाते.

आणि शहाळं. त्यात पोटॅशियम भरपूर. लोसार्टन आणि फिनेरेनोन दोन्ही रक्तातलं पोटॅशियम वाढवतात. किडनी अधू असताना ते फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून ही औषधं सुरू असतील तर परसातल्या माडाचं पाणी रोज प्यायचं का, हे पोटॅशियमचा रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं.