पुण्याजवळचा कुंभार आणि देठाची गोष्ट

तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं की पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात नातेवाइकांचा एक प्रश्न हमखास येतो: "गाल काढणार म्हणता, मग तिथे राहील काय?" डॉक्टर सांगतात, मांडीचं मांस लावू, जबड्याला पायाचं हाड घालू. माणूस आणखीच गोंधळतो. मांडीचं मांस गालात जगणार कसं? प्रश्न मुळीच अडाणी नाही. ही सगळी विद्या याच प्रश्नाभोवती वाढली, आणि तिच्या इतिहासातला एक मोठा प्रसंग पुण्याजवळच घडला.

तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात मराठे आणि इंग्रज टिपूविरुद्ध एका बाजूला होते. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा एक गडी १७९२ मध्ये टिपूच्या लोकांच्या हाती लागला आणि नाक व एक हात गमावून परतला. पुढे लंडनमध्ये छापलेल्या इंग्रजी हकिकतीत त्याचं नाव 'कावसजी' असं आहे. नाव पारशी, वर्णन मात्र मराठा शेतकऱ्याचं. साहेबाच्या कानांनी मूळ काय ऐकलं कोण जाणे. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ वीट पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. आपण त्याला कुंभार म्हणू, कारण नाव कोणी लिहूनच ठेवलं नाही. रुग्णाचं नाव राहिलं, ऑपरेशन पाहिलेल्या इंग्रज डॉक्टरांची नावं राहिली. रुग्णाचं चित्र काढणारा जेम्स वेल्सही राहिला, सवाई माधवराव आणि नाना फडणविसांना रंगवणारा तोच हा. ज्याच्या हातात पातं होतं, तो तेवढा निनावी राहिला.

लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'ने ऑक्टोबर १७९४ च्या अंकात ही हकीकत छापली. तिच्यात कृती इतकी नेमकी दिली आहे की आजच्या शिकाऊ सर्जननेही वाचावी. आधी नाकाच्या खुंटावर पातळ मेण बसवून नव्या नाकाचा आकार घ्यायचा. ते मेण सपाट करून कपाळावर ठेवायचं, भोवती रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोडवायची. पण पूर्ण नाही. दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेली ठेवायची. कातडी अर्धी पिळून खाली आणायची आणि नाकाच्या कडेला चीर देऊन तीत बसवायची. ती अरुंद पट्टी साधारण पंचविसाव्या दिवशी कापायची. तोवर नव्या नाकाला रक्त पुरवायचं काम तिचंच.

ही पट्टी म्हणजे देठ. पानाला देठातून पाणी मिळतं तसं कातडीला देठातून रक्त. देठ तुटला की पान सुकतं. पुढच्या दोनशे वर्षांत जे काही झालं, त्याचा गाभा एवढाच: देठ न मारता मांस किती दूर नेता येईल?

टाके होते का? त्या हकिकतीत उल्लेख नाही. जोड धरून ठेवायला वापरला होता कात. पाण्यात भिजवून मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावायचा, पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या आणि चार दिवस हात लावायचा नाही. नंतर तुपात भिजवलेल्या पट्ट्या. विड्यातला कात तो हाच. त्याच कातासोबत सुपारी, चुना आणि तंबाखू एकत्र येऊन पुढे गालच खाऊन टाकणार होते. त्यातही एकट्या कातावर आळ घेण्यात अर्थ नाही. खरे गुन्हेगार तंबाखू आणि सुपारी.

हे सगळं थेट सुश्रुताकडून आलं असं आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याची कृती आहे, हे खरंच. झाडाचं पान घेऊन नाकाचं माप काढायचं, तेही खरं. पण संहिता कातडी घ्यायला सांगते ती गालाची आणि पुण्याजवळच्या कुंभाराने घेतली ती कपाळाची. मधल्या शतकांत कुणा हातांनी काय बदललं, याचे कागद नाहीत. मला यात कमीपणा वाटत नाही. पोथी न वाचता घराण्यात चालत आलेली आणि अनुभवाने सुधारलेली विद्या ही काही लहान गोष्ट नव्हे.

लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जनने ही माहिती वाचली, मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याचं नाक याच रीतीने केलं. भूल अजून यायची होती. १८१६ मध्ये त्याने ते पुस्तकरूपात मांडलं आणि 'भारतीय पद्धत' युरोपभर गेली. 'प्लास्टिक सर्जरी' हे नाव त्यानंतर जर्मनीत रुळलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घडवणं, आकार देणं. कुंभाराच्याच कामाचा शब्द की! आपल्याकडे मात्र आजही कुणीतरी विचारतंच, "आत प्लास्टिक बसवणार का?"

नाक मात्र चेहऱ्यावर, उघड्यावर असतं. तोंडाच्या आतलं काम वेगळंच. तिथे सतत लाळ, आत दातांची घासाघीस, वर गिळायचं नि बोलायचं. आपल्याकडे तंबाखू दाढेशेजारी गालात धरून ठेवतात, म्हणून कॅन्सर बऱ्याचदा गाल आणि हिरडीच्या मधल्या खाचेत उगवतो आणि जबड्याच्या हाडात शिरतो. बायकांमध्ये मिश्रीची सवय जुनी. १९७२ साली महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडूतांच्या तोंडांच्या तपासणीचा अभ्यास प्रसिद्ध झाला, ती पाहणी पुणे जिल्ह्यातलीच. गुटख्यावर राज्याने बंदी घातली २०१२ मध्ये. मधली चाळीस वर्षं टपरीवर कशी गेली, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

गाठ नुसती काढणं सर्जनना विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही जमत होतं. पण जबड्याचा तुकडा गेला की हनुवटी एका बाजूला सरकायची, दातांवर दात बसायचे नाहीत, लाळ गळत राहायची. १९६३ मध्ये ग्लासगोच्या इयन मॅकग्रेगरने पुन्हा कपाळाकडेच पाहिलं. कानशिलाजवळच्या धमनीचा देठ ठेवून कपाळाची कातडी त्याने थेट तोंडात नेली. रुग्ण वाचायचा, पण कपाळावर ठिगळ दिसायचं. नशिबाला कपाळ म्हणणाऱ्या आपल्या भाषेत याला काय म्हणावं? दोन वर्षांनी अमेरिकेत बकामजियनने छाती-खांद्याची कातडी वापरली, पण देठ कापायला दुसरं ऑपरेशन लागायचंच.

१९७९ मध्ये स्टीफन एरियनने छातीचा स्नायूच कातडीसकट उचलला, गळ्याच्या कातडीखालून बोगदा करून तोंडात आणला आणि देठ आतच राहू दिला. काम एकाच बैठकीत संपलं. असा देठासकट हलवलेला मांस-कातडीचा तुकडा म्हणजे फ्लॅप. आपल्याकडे हा फ्लॅप खऱ्या अर्थाने घरोघरी पोचला. सूक्ष्मदर्शक नको, खर्च कमी, टेबलावर वेळ कमी. त्याचे तोटेही रुग्णच सांगतात: मानेला फुगवटा, आणि पुरुषांच्या तोंडात उगवणारे छातीचे केस. तरी याला दुय्यम समजू नये. रुग्ण उशिरा आला असेल, अंगात ताकद नसेल, तर आजही अनेक सर्जन हाच मार्ग धरतात.

देठ पुरता तोडायचं धाडस सूक्ष्मदर्शकाने दिलं. दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या केसाहून बारीक धाग्याने शिवता येऊ लागल्या. मग देठाने मूळ जागेला चिकटून राहायची गरज उरली नाही. मानेतल्या रक्तवाहिनीला तो नव्याने जोडता आला. चीनमधून १९८१ मध्ये मनगटाकडच्या हाताचा फ्लॅप आला, १९८४ मध्ये मांडीचा. पिंडरीच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, फिब्युला, ऑस्ट्रेलियात इयन टेलरने १९७५ मध्ये पायासाठी हलवलं होतं. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या हिडाल्गोने त्याचाच जबडा केला. शरीराचा भार मुख्यतः शेजारचं जाड हाड पेलतं, म्हणून गुडघ्याजवळचं आणि घोट्याजवळचं टोक ठेवून मधला भाग काढला तरी माणूस पुन्हा चालतो. 'पायाचं हाड तोंडात' म्हणतात ते हे.

अशा ऑपरेशनला आठ-दहा तास सहज लागतात. पुढचे दोन-तीन दिवस नर्स थोड्या थोड्या वेळाने येऊन नव्या गालाचा रंग पाहते. पांढरा पडला तर रक्त पोचत नाही, जांभळा झाला तर परतत नाही. शंका आली तर सुई टोचून लाल थेंब येतो का ते बघतात. ताज्या रक्ताचा तो थेंब दिसला की बाहेर बसलेल्यांना निरोप जातो.

मेणाचा साचा मात्र गेलेला नाही, फक्त रूप बदललं. आता काही ठिकाणी स्कॅनवरून रुग्णाच्या जबड्याची हुबेहूब प्रतिकृती थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतात. तिच्यावर टायटॅनियमची पट्टी आदल्या दिवशीच वाकवून ठेवतात, पिंडरीचं हाड कुठे कापायचं हे ठरवतात. दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या वेळी तो छापलेला जबडा बाजूच्या टेबलावर असतो, आणि सर्जन अधूनमधून मान वळवून त्याच्याकडे बघून घेतो.