एक पेव, दोन दिवाणजी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर मी कॉम्प्युटरची किरकोळ कामं बघतो. तिथला हिशेबाचा प्रोग्रॅम इतका जुना की विंडोज 7 च्या पुढं पाऊल टाकत नाही. म्हणून उबुंटूच्या (ही लिनक्सचीच एक जात) कॉम्प्युटरवर एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला दुसरा कॉम्प्युटर, बसवलं, त्यात विंडोज 7 आणि त्यात तो प्रोग्रॅम. इथवर ठीक होतं. मग पट्ट्या (शेतकऱ्यांच्या मालाच्या विक्रीचे हिशेब) आणि नमुन्यांचे फोटो एकाच जागी राहावेत म्हणून 500 जीबीची एक डिस्क मी उबुंटूला जोडली, आणि तीच अख्खी डिस्क विंडोजलाही देऊन टाकली.

चौथ्या दिवशी दिवाणजींनी एक फोटो उघडून दाखवला. वर हळकुंडं, खाली नुसता राखाडी पट्टा. काही पट्ट्या विंडोजला दिसत होत्या, उबुंटूला नाही. मशीन पुन्हा सुरू केल्यावर विंडोजनं डिस्क तपासायला घेतली आणि ‘फाउंड.000’ नावाचं एक फोल्डर काढून दिलं. आत निनावी तुकडे. डिस्क धडधाकट होती, केबलही. उद्योग माझा होता.

सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना यातली गोम चटकन कळेल. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या जमिनीत खड्डे खणून हळद साठवायची, तोंड मातीनं बंद करायचं. एकदा बंद केलेलं पेव उगीच कुणी उकरत नाही. आत किती पोती, कुणाची, हे दिवाणजीची वही सांगते आणि सगळे त्या वहीवर विश्वास ठेवतात.

ऑपरेटिंग सिस्टिमही डिस्क ऊठसूट उकरत नाही. फिरत्या हार्डडिस्कवरून एक नोंद शोधायला साधारण 10 मिलिसेकंद लागतात, मेमरीतून 100 नॅनोसेकंद. फरक लाखपट. मग डिस्कवर कुठं काय आहे याची वही ती मेमरीत उघडून बसते आणि तिच्यातच बघून कामं उरकते. एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीनं मांडलेल्या डिस्कवर या वहीचं एक पान म्हणजे जागेचा नकाशा: सहसा 4 केबीच्या प्रत्येक कप्प्यामागं एक बिट. शून्य म्हणजे मोकळा, एक म्हणजे भरलेला. लिहिण्याचंही तसंच. लिनक्स लिहायचा मजकूर लगेच डिस्कवर टाकत नाही, साधारण 30 सेकंदांपर्यंत मेमरीतच थांबवतो.

आता एका पेवावर दोन दिवाणजी बसवा. दोघांनी सकाळी वही उतरवून घेतली, दिवसभर एकमेकांशी चकार शब्द नाही. एक कोपरा दोघांच्याही वहीत मोकळा. उबुंटूनं तिथं फोटोचा खालचा भाग ठेवला, विंडोजनं त्याच कप्प्यांत पट्टी लिहिली. शेवटी लिहिणाऱ्याचा माल राहिला. त्या राखाडी पट्ट्याच्या जागी डिस्कवर खरं म्हणजे कुणा शेतकऱ्याची पट्टी बसली होती. यावर कडी म्हणजे दोघंही आपापली जुनी वही अधूनमधून डिस्कवर उतरवत होते, त्यामुळं एकानं केलेली नोंद दुसरा पुसत होता.

‘निदान एकाला फक्त वाचू द्या’ असं कुणी सुचवतं. नुकसान कमी होतं, पण वाचणाऱ्याच्या हातात शिळी वही राहतेच. शिवाय एक्स्ट4 या लिनक्सच्या पद्धतीनं मांडलेली डिस्क फक्त वाचण्यासाठी जोडली, तरी अर्धवट राहिलेल्या नोंदी दिसल्या तर लिनक्स त्या आधी पुऱ्या करतो, म्हणजे लिहितोच. ‘नोलोड’ हा पर्याय दिला तर गप्प बसतो. हे मला फार उशिरा कळलं.

ही भानगड नवी नाही. आयबीएमनं 1972 साली व्हर्च्युअल मशीनं चालवणारं व्हीएम/370 आणलं, तेव्हाच एका मशीनची छोटी डिस्क दुसऱ्या मशीनला जोडायच्या आज्ञेत वाचण्यासाठी की लिहिण्यासाठी, हे वेगवेगळ्या अक्षरांनी सांगावं लागे.

उपाय असा की डिस्क वाटायची नाही, फाइली वाटायच्या. डिस्क एकट्या उबुंटूची. विंडोजनं खिडकीशी येऊन ‘अमुक फाइल द्या, ही ठेवून घ्या’ म्हणायचं. कप्पे कुठले, हे उबुंटू बघेल. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्रॅममध्ये गेस्ट अ‍ॅडिशन्स नावाची जोड टाकली की शेअर्ड फोल्डर हेच करतं आणि विंडोजला ते नेटवर्कवरच्या ड्राइव्हसारखं दिसतं. नेटवर्कवरून फाइली वाटणाऱ्या साम्बा या प्रोग्रॅमनंही जमतं. पाहुणा (आतली सिस्टिम) लिनक्स असेल, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, 5.4 पासून, म्हणजे 2019 पासून, यजमानाचं (बाहेरच्या सिस्टिमचं) फोल्डर पाहुण्याला देणारं व्हर्टिओ-एफएस आहे. पेनड्राइव्हचं सोपं असतं: आधी यजमानाकडून नीट काढायचा, मग पूर्णपणे पाहुण्याच्या हवाली करायचा.

दोघांनाही खरोखर एकाच डिस्कवर लिहायचं असेल, तर जीएफएस2 किंवा ओसीएफएस2 सारख्या फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्क मांडायच्या पद्धती, लागतात. त्यांत दिवाणजी एकमेकांना निरोप पाठवून कप्प्यांना कुलूप लावतात. मोठ्या सर्व्हरना ते शोभतं, पेढीला नाही.

खिडकीचीही एक कटकट आहे. बारीकबारीक फाइली हजारांनी असल्या की काम रेंगाळतं, आणि जुने हिशेबाचे प्रोग्रॅम फाइलीला कुलूप लावायला जातात तेव्हा कधीकधी रुसतात. आमचा रुसलाच. म्हणून त्याचा डेटा आता व्हर्च्युअल मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर असतो आणि शेअर्ड फोल्डरमध्ये रोज संध्याकाळी फक्त बॅकअप जातो. हरवलेल्या पट्ट्या दिवाणजींनी कागदी चोपडीवरून दोन दिवसांत पुन्हा चढवल्या. फोटोतली खालची हळकुंडं मात्र गेली ती गेलीच.