अज्ञानाची सही: कलकत्त्याच्या गहाणखतापासून सातबाऱ्यावरच्या ‘अ.पा.क.’पर्यंत

जमिनीच्या व्यवहारात अठरा वर्षांखालच्या मालकाला ‘अज्ञान’ म्हणतात. त्याने केलेल्या सहीला कायद्यात काडीची किंमत नाही, हे आज दस्तलेखकही सांगेल. पण हा नियम कायद्याच्या पुस्तकात कुठेही सरळ शब्दांत लिहिलेला नाही.

भारतीय करार कायदा १ सप्टेंबर १८७२ पासून लागू झाला. कलम १० म्हणते, करार बंधनकारक व्हायचा तर दोन्ही बाजू पात्र हव्यात, संमती खुली हवी, मोबदला आणि उद्देश कायदेशीर हवेत. पात्र कोण, ते कलम ११ सांगते: सज्ञान, शुद्धीवर असलेला आणि कोणत्याही कायद्याने मनाई नसलेला. सज्ञान केव्हा, याचे उत्तर १८७५ च्या सज्ञानता कायद्याने दिले. वय १८, मात्र न्यायालयाने पालक नेमला असेल तर २१. ही २१ ची अट १९९९ मध्ये गेली.

अज्ञानाने करार केलाच, तर त्याचे काय? इथे कायदा गप्प होता. तो मुळातच निरर्थक (व्यर्थ) की अज्ञानाच्या मर्जीने मोडता येण्याजोगा, यावर न्यायालयांचे मत इंग्लंडच्या रिवाजाप्रमाणे दुसऱ्या बाजूला झुकत असे. फरक मोठा आहे. मोडता येण्याजोगा करार मोडणाऱ्याला कलम ६४ प्रमाणे घेतलेला लाभ परत करावा लागतो.

प्रश्न सुटला तो कलकत्त्यातल्या एका गहाणखतामुळे. २० जुलै १८९५ रोजी धर्मोदास घोष याने ब्रह्मो दत्त या सावकाराकडे आपली मालमत्ता २०,००० रुपयांना, १२ टक्के व्याजाने गहाण टाकली. आई न्यायालयाने नेमलेली पालक असल्याने त्याला २१ ची अट लागू होती आणि तो अजून अज्ञान होता. खताच्या पाच दिवस आधीच आईच्या वकिलाने सावकाराच्या वकिलाला तसे लेखी कळवले होते. तरीही सावकाराच्या वकिलाने मुलाकडून ‘मी सज्ञान आहे’ असे लिहून घेऊन खत पुरे केले. सप्टेंबरमध्ये आईने मुलाच्या वतीने गहाणखत रद्द करण्याचा दावा लावला. सावकार वारला, दाव्यात त्याच्या जागी मोहोरी बीबी आली, आणि १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, निकाल दिला: अज्ञानाचा करार आरंभापासूनच व्यर्थ. करारच नाही, म्हणून कलम ६४ किंवा ६५ खाली पैसे परत मागता येत नाहीत. खोट्या वयाचा आधारही सावकाराला मिळाला नाही, कारण खरे वय त्याच्या वकिलाला ठाऊक होते. मुलाने लिहून दिलेल्या कागदाने सावकार सुटत नाही, हा या निकालाचा गाभा आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. अन्न, वस्त्र, शिक्षण अशा गरजेच्या वस्तू पुरवणाऱ्याला मात्र कलम ६८ प्रमाणे अज्ञानाच्या मालमत्तेतून भरपाई मिळते, त्याच्याकडून व्यक्तिशः नाही.

अज्ञान स्वतः सही करू शकत नाही, म्हणून पालक करतो. पालकाने मालमत्ता फुंकून टाकू नये यासाठी १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचे कलम ८ आले. अज्ञानाच्या स्वतंत्र मालकीची स्थावर मिळकत विकायची, गहाण टाकायची किंवा बक्षीस द्यायची, तर नैसर्गिक पालकाला आधी जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. पाच वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यालाही लागते. परवानगीविना झालेले खरेदीखत मूल सज्ञान झाल्यावर रद्द करून घेऊ शकते. मुदत तीन वर्षे, म्हणजे साधारण २१ व्या वर्षापर्यंत. एकत्र कुटुंबाच्या अविभक्त हिश्शाला मात्र हे कलम लागत नाही. तिथे कर्ता, म्हणजे कुटुंबप्रमुख, कायदेशीर गरजेसाठी विकू शकतो. वाटणी झालेली आहे की नाही, हे न पाहता घेतलेली जमीन म्हणूनच वर्षांनी कोर्टात जाते.

महाराष्ट्रात ही खूण सातबाऱ्यावर दिसते: नावापुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालन कर्ता, आणि आई किंवा वडिलांचे नाव. हा शेरा आपोआप उतरत नाही. सज्ञान झाल्यावर जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला जोडून तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो. तो उतरवलेला नसेल, तर पंचवीस वर्षांचा मालकही कागदावर अज्ञानच दिसतो आणि खरेदीच्या वेळी वयाचा पुरावा देत बसतो.