नात्तो

नात्तो : वाफवलेल्या सोयाबीनवर बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचा ‘नात्तो’ हा प्रकार वाढवून केलेला जपानी खाद्यपदार्थ. आंबवताना मीठ घालत नाहीत. तयार दाण्यांवर पांढुरका थर येतो आणि ढवळले की तारा सुटतात. मोहरीची चटणी, सोया सॉस व पातीचा कांदा मिसळून तो गरम भातावर, बहुधा न्याहारीला खातात. ईशान्य जपान आणि मितो शहराभोवतीचा इबाराकी प्रांत येथे खप मोठा, तर ओसाका-वाकायामा भागात कमी आहे. हामानात्तो व दाइतोकुजी नात्तो हे काळे, खारट दाणे नावापुरतेच नात्तो होत. ते कोजी बुरशीने (ॲस्परजिलस ओरायझी) तयार होतात व दोउची या चिनी आंबवलेल्या काळ्या सोयाबीनशी त्यांचे नाते आहे. या नोंदीत त्यांचा विचार केलेला नाही.

उगम : ‘नात्तो’ हा शब्द अकराव्या शतकाच्या मध्यास फुजिवारा नो आकिहिरा याच्या ‘शिन्सारुगाकुकी’ या ग्रंथात आढळतो. मात्र तेथील उल्लेख खारट प्रकाराचा असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तारा सुटणाऱ्या नात्तोचे निःसंदिग्ध वर्णन पंधराव्या शतकाच्या सुमारास मिळते. सेनानी मिनामोतो नो योशिइए याच्या ईशान्येतील मोहिमेत (1083–87) घोड्यांसाठी उकडलेले सोयाबीन भाताच्या पेंढ्यात बांधले आणि त्याचा नात्तो झाला, ही कथा लोकप्रिय आहे. तिला समकालीन पुरावा नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ नाकाओ सासुके यांनी 1972 मध्ये जपानचा नात्तो, पूर्व हिमालयातील किनेमा आणि जावातील तेंपे या आंबवलेल्या सोयाबीनच्या पदार्थांना जोडणारा ‘नात्तो त्रिकोण’ मांडला व चीनमधील युन्नानच्या परिसरात समान उगम सुचवला. या मांडणीची एक बाजू लंगडी पडते : तेंपे ऱ्हायझोपस बुरशीने होतो, जिवाणूने नव्हे. उरलेली मालिका मात्र लक्षणीय आहे. कोरियातील चोंगगुकजांग, उत्तर थायलंडमधील थुआ नाओ, मणिपूरचा हवाइजार, मेघालयातील तुंगरिंबाई, नागालँडमधील आखुनी, सिक्कीम-दार्जिलिंगचा किनेमा हे सारे बॅसिलसनेच आंबतात. या जिवाणूचे बीजाणू गवत, पेंढा आणि पानांवर सर्वत्र असतात. उकडलेले सोयाबीन पानात गुंडाळून चुलीपाशी ठेवले की ते आपोआप रुजतात. त्यामुळे एकाच उगमापेक्षा अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे लागलेला शोध अधिक संभवनीय वाटतो.

निर्मिती : पूर्वी उकळत्या पाण्यातून काढलेल्या पेंढ्याच्या पेंडीत दाणे बांधत. त्या उष्णतेने इतर जंतू मरतात, पण नात्तोचे बीजाणू टिकतात. सावामुरा शिन यांनी हा जिवाणू 1905–06 च्या सुमारास वेगळा केला. पुढे होक्काइदोत हान्झावा जुन यांनी शुद्ध विरजणाची पद्धत रूढ केली आणि पेंढ्याची गरज उरली नाही.

साडेपाच मिमी.पेक्षा लहान दाणा पसंत केला जातो. तो लवकर मऊ होतो आणि वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग जास्त असल्याने जिवाणूला जागा मिळते. दाणे उन्हाळ्यात सुमारे 12 तास, थंडीत 20 तासांपर्यंत भिजवतात. वजन सव्वादोन पटींच्या आसपास जाते. प्रेशरखाली वाफवल्यावर दाणा अंगठा व करंगळी यांच्या चिमटीत सहज चिरडला गेला पाहिजे. दाणे 70° से.च्या वर असतानाच बीजाणूंचे पाणी शिंपडतात. गरम दाण्यांवर परके जंतू तग धरत नाहीत, उलट नात्तोचे बीजाणू उष्णतेने जागे होतात. दोन-तीन सेंमी. थर पसरून, वर छिद्रे पाडलेला कागद घालून 40° से.ला 18 ते 24 तास ठेवतात आणि नंतर एक दिवस 5° से.ला मुरवतात.

डबा घट्ट बंद केल्यास प्राणवायूअभावी थर येत नाही. दाणे पाणथळ राहिले तर आंबूस वास येतो. थराचे तापमान 50° से.च्या वर गेले किंवा मुदत लांबली तर अमोनियाचा भपकारा सुटतो. दर वेळी मागच्याच घाण्यातून विरजण घेत राहिल्यास तार न धरणारे उत्परिवर्तित जिवाणू वाढत जातात. कारखान्यांना खरी धास्ती जीवाणुभक्षी विषाणूंची असते : त्यांच्या लागणीने तारेतील पॉलिग्लुटामिक आम्ल तुटून दाणे पाणचट होतात. जुन्या नात्तोत दाताखाली येणारे पांढरे कण टायरोसिनचे असतात. ते निरुपद्रवी आहेत. साके या तांदळाच्या मद्यासाठी लागणाऱ्या कोजीत नात्तोचा जिवाणू शिरू नये म्हणून साके गाळणारे कामगार हंगामात नात्तो वर्ज्य करतात.

आरोग्य : 100 ग्रॅ. नात्तोत सुमारे 16–17 ग्रॅ. प्रथिने आणि 600 ते 1,000 मायक्रोग्रॅम के जीवनसत्त्व असते. त्यातील बहुतांश भाग मेनाक्विनोन-7 (के2) असून तो जिवाणू बनवतो. उकडलेल्या सोयाबीनमध्ये तो जवळपास नसतो. के जीवनसत्त्वाचा के1 हा प्रकार रक्तातून काही तासांत ओसरतो, तर मेनाक्विनोन-7 चा अर्धायुकाल सुमारे तीन दिवस आहे. 2001 च्या एका अभ्यासात मेनाक्विनोन-7 चे रक्तातील सरासरी प्रमाण टोकियोतील स्त्रियांत 5.26, हिरोशिमात 1.22 आणि ब्रिटिश स्त्रियांत 0.37 नॅनोग्रॅम/मिलि. आढळले. जेथे नात्तो जास्त खातात त्या प्रांतांत स्त्रियांमधील खुब्याचे अस्थिभंग कमी दिसले. ऑस्टिओकॅल्सिन हे हाडातील प्रथिन के जीवनसत्त्वाविना कार्यक्षम होत नाही, म्हणून हा संबंध पटण्याजोगा आहे.

हृदयाविषयीचा पुरावा निरीक्षणात्मक आहे. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या, 92,915 जपानी प्रौढांच्या सुमारे 15 वर्षांच्या पाहणीत एकूण सोया सेवनाचा मृत्युदराशी ठळक संबंध दिसला नाही. आंबवलेल्या सोयाचा दिसला, आणि नात्तो खाणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे मृत्यू कमी होते. मात्र नियमित नात्तो खाणारे इतर बाबतींतही वेगळे जगत असू शकतात. सुमी हिरोयुकी यांनी 1987 मध्ये वर्णिलेले नात्तोकिनेज हे विकर परीक्षानळीत रक्ताची गुठळी विरघळवते. त्याच्या गोळ्यांचा गाजावाजा पुराव्याच्या पुढे गेला आहे : 265 जणांवरील सुमारे तीन वर्षांच्या नियंत्रित चाचणीत धमनीकाठिण्याची वाढ थांबली नाही. नात्तो शिजवल्यास हे विकर निष्क्रिय होते.

वॉरफरिन हे रक्त गोठण्यास रोखणारे औषध घेणाऱ्यांनी नात्तो पूर्ण टाळावा. एका पाकिटातील (40–50 ग्रॅ.) के जीवनसत्त्वही औषधाचा परिणाम कित्येक दिवस खाली आणते, शिवाय जिवाणू आतड्यात ते आणखी बनवत राहतो. सोयाची ॲलर्जी असणाऱ्यांना तो वर्ज्य आहेच. याखेरीज पॉलिग्लुटामिक आम्लाची दुर्मिळ ॲलर्जीही आहे. तिची तीव्र लक्षणे खाल्ल्यावर अर्ध्या दिवसानेही उमटतात, त्यामुळे कारण चटकन ध्यानात येत नाही. जेलीफिशच्या दंशातून ही ॲलर्जी जडलेले लाटांवर खेळणारे सर्फर जपानी वैद्यकीय वाङ्‌मयात नोंदलेले आहेत.