कडूपणा उकळावा लागतो

"काका, अठरा ब्रिक्स आलाय. बरा आहे का?"

पुतण्याचा फोन होता, लीड्सहून. मी तेव्हा कागलजवळच्या एका गुऱ्हाळावर, काहिलीच्या कडेला, हातात गरम काकवीची वाटी घेऊन उभा. ब्रिक्स म्हणजे रसाच्या गोडीचं माप. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला ते म्हटलं की उसाशिवाय दुसरं काही सुचत नाही. म्हटलं, "अठरा म्हणजे ऊस तोडीला आला की रे!"

त्याच्या पातेल्यात ऊस नव्हता. मोड आणून वाळवलेल्या जवाचा, म्हणजे माल्टचा रस होता, आणि त्यातून त्याला भरपूर हॉप्सची, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांची, कडक एल बिअर करायची होती. ब्रिटनमध्ये घरी स्वतःपुरती बिअर करायला 1963 पासून परवाना लागत नाही. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी अधिनियम आहे, घरी असला उद्योग केला तर तो गुन्हा. त्यामुळे माझा सहभाग फोनपुरता. पण रसायनशास्त्राला कुठला आलाय परवाना?

गंमत म्हणजे कडक एलचा रस आणि आपल्या उसाचा रस गोडीला जवळपास सारखेच. शंभर ग्रॅम रसात अठरा ग्रॅम विरघळलेला ऐवज, घनता 1.074. काहिलीत जे दिसतं तेच त्याच्या पातेल्यातही दिसतं. रसाला उकळी आली की मळी वर येते आणि गुळव्या भेंडीचं चिकट पाणी टाकून ती काढतो. पुतण्याकडे प्रथिनांचा तपकिरी फेस येतो आणि तो आयरिश मॉस नावाचं समुद्री शेवाळ टाकतो. दोन्हीकडे लांबलचक चिकट रेणू गढूळपणाच्या कणांना धरून एकत्र आणतात.

फरक साखरेत आहे. उसातली साखर यीस्ट पूर्ण खाऊन टाकतं, मागे उरतं ते पाणचट आणि कोरडं. जवात मुळात असतं पीठ, म्हणजे स्टार्च, साखरेच्या कड्यांची लांब साखळी. ते 65 अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर मुरवलं की त्यातलीच दोन विकरं कामाला लागतात. बीटा अमायलेज साखळीच्या टोकापासून दोन-दोन कड्या तोडतं, त्या यीस्टला चालतात. अल्फा अमायलेज मधूनच कुठेही कोयता मारतं. या तोडातोडीत काही तुकडे असे उरतात की एलचं नेहमीचं यीस्ट त्यांना तोंड लावत नाही. एलला अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा, येतो तो या तुकड्यांमुळे. कडक एलमध्ये मात्र हे अंग जास्त झालं तर ती तोंडात चिकटते, म्हणून करणारे मुद्दाम थोडी साधी साखर घालतात. मी म्हटलं, साखर कशाला, गूळ घाल. त्याने घातला. लीड्सच्या देशी दुकानातली अर्धा किलोची ढेप. कोल्हापुरी होती का, हे त्याने मला अजून सांगितलेलं नाही.

आता हॉप्स. ही भांगेच्या कुळातली वेल, आणि वापरायची ती मादी वेलीची कोनासारखी फुलं. फूल उकललं की पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी चिकट पूड दिसते, सगळा माल तिच्यात. वेलीला उन्हाळ्यात लांबच लांब दिवस लागतात. कोल्हापूरचा मोठ्यात मोठा दिवस तेरा तासांच्या आसपास, त्यामुळे पंचगंगेकाठी हॉप्सचा मळा फुलवायची स्वप्नं कुणी पाहू नयेत.

कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच. हॉप्सचं उलट आहे. पिवळ्या पुडीतली अल्फा आम्लं रसात जेमतेम विरघळतात, नुसती भिजवली तर फारसा कडूपणा देत नाहीत. उकळलं की रेणूतलं सहा कार्बनचं कडं आकसून पाच कार्बनचं होतं. अणू तेवढेच, मांडणी नवी. हा नवा रेणू विरघळतो, आणि कडू लागतो तो हाच. त्यासाठी तासभर खळखळ उकळावं लागतं. आपल्या कोल्हापुरात, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणजे हाच बदल इथे थोडा संथ झाला असता.

हिशेब सोपा आहे. 20 लिटर रसात 40 ग्रॅम हॉप्स, त्यात 12 टक्के अल्फा आम्ल, म्हणजे 4.8 ग्रॅम. त्यातला चौथा हिस्सा हाती लागला तर 1,200 मिलिग्रॅम, लिटरमागे 60. कडूपणाचं एकक साधारण हेच, लिटरला एक मिलिग्रॅम. पण रस जितका दाट तितका हा हिस्सा घटतो, आणि गोडी जास्त म्हणून कडूपणाही जास्त हवा. कडक एल हॉप्स दोन्ही बाजूंनी खाते.

वासाचं गणित वेगळं. हॉप्सच्या तेलात मायर्सीन असतं, जे आंब्यातही सापडतं. लिनालूल, जे धण्यात असतं. कॅरिओफायलीन, जे लवंग-मिऱ्यात असतं. अर्धा मसाल्याचा डबाच. ही तेलं वाफेबरोबर उडून जातात. म्हणून कडूपणाचे हॉप्स आधी, वासाचे गॅस बंद करताना, आणि उरलेले आंबवण संपत आल्यावर थंड एलमध्ये. रश्श्यावर कोथिंबीर शेवटी टाकतात, तसंच.

हॉप्सचा आणखी एक उपयोग म्हणजे ते कडू रेणू आंबट करणाऱ्या जिवाणूंना वाढू देत नाहीत, यीस्टला मात्र काही करत नाहीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो ब्रुअरीतून हिंदुस्थानात फिकट एल येत असे, तिच्यात हॉप्स जास्त असण्याचं एक कारण हे. इंडिया पेल एल हे नाव त्या व्यापारातून आलं. ती खास हिंदुस्थानसाठीच शोधून काढली ही गोष्ट मात्र रंगवलेली. असली एल इंग्लंडात आधीपासून होत होती.

दहाव्या दिवशी पुन्हा फोन. आवाज पडलेला. "काका, नऊ ब्रिक्सवर अडकलंय. यीस्ट मेलं."

"कशाने मोजलंस?"

"तुम्ही दिलेल्या रिफ्रॅक्टोमीटरने."

मी हसलो. शेतात उसाचा थेंब टाकून बघायचं ते यंत्र. ते प्रकाश किती वाकतो ते मोजतं, आणि अल्कोहोलही प्रकाश पाण्यापेक्षा जास्त वाकवतं. उसाच्या रसात अल्कोहोल नसतं, म्हणून आम्हाला कधी फसवलं नाही. त्याला म्हटलं, तरंगणारा काचेचा हायड्रोमीटर काढ, तो घनता मोजतो.

दोन मिनिटांनी आकडा आला, 1.015. म्हणजे चारपेक्षाही कमी ब्रिक्स, आणि अल्कोहोल पावणेआठ टक्क्यांच्या घरात. यीस्ट मेलं नव्हतं, जेवून झोपलं होतं.