पाय पडला, पण बाण लागला नाही

मे महिन्याच्या सुट्टीत भाची कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या घरी राहायला आली, ती काखेत गुंडाळलेली डान्स मॅट घेऊनच. ऑनलाइन स्वस्तात मागवलेली, मऊ प्लॅस्टिकची, साधारण तीन फूट लांब आणि तेवढीच रुंद. पडद्यावर बाण सरकत येतात आणि गाण्याच्या ठेक्यावर त्या त्या दिशेच्या बाणावर पाय टाकायचा. कोनामी या जपानी कंपनीने १९९८ साली ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ या नावाने हा खेळ गेम पार्लरमध्ये आणला. तिथल्या यंत्राला धातूचा भक्कम चौथरा असतो. घरच्यांसाठी ही चटई.

दोनच दिवसांत तक्रार आली. “मामा, मी पाय टाकलाय की! तरी मिस दाखवतंय बघा.”

मी जमिनीवर बसून फक्त तिच्या पायांकडे बघत राहिलो. पाय बरोबर पडत होते, पण प्रत्येक गाण्याला मॅट टीव्हीपासून वीतभर मागे सरकत होती आणि मधोमध चुणी पडत होती. गाणं अर्ध्यावर येईपर्यंत बाण तिच्या पायांखाली राहिलेलेच नसायचे.

मॅट का सरकते? ती हलकी आहे म्हणून, असं आपल्याला वाटतं. पण पाय टेकलेला असतो तेव्हा मॅटवर वजन असतं ते खेळणाऱ्याचं. मॅटचं किलोभर वजन त्यापुढे किरकोळ. तळवा आणि मॅट, मॅट आणि फरशी, या दोन्ही जागी दाब जवळपास सारखाच असतो. फरक असतो तो घर्षणाचा. घामेजलेला तळवा प्लॅस्टिकला चिकटून धरतो, खालची गुळगुळीत फरशी मात्र मॅटला धरत नाही. पायाने आडवा जोर दिला की ज्या जागी पकड कमी, तिथे घसरण होते. म्हणून पाय मॅटवर घट्ट राहतो आणि मॅटच फरशीवरून निघते. मोजे घालून खेळलं तर उलट होतं, मॅट जागेवर आणि पाय घसरतो. मॅटवर वजनं ठेवून फारसा उपयोग होत नाही तो याचमुळे. खालची पकडच वाढवायला हवी.

उद्यमनगरातून बारा मिलिमीटर जाडीच्या प्लायचा तुकडा आणला, मॅटपेक्षा चारही बाजूंनी दोन इंच मोठा. मॅट त्यावर ताणून बसवली आणि कडांवर लाकडी पट्ट्या ठेवून स्क्रू मारले. स्क्रू मॅटच्या अंगात कुठेही जाता कामा नये, कारण आत वीज वाहून नेणाऱ्या रेषा असतात. एक जरी तुटली तरी तो बाण मेला. प्लायखाली रबराची जाळीदार चटई घातली. ती फरशी चांगली धरते, शिवाय खालच्या मजल्यावर जाणारा दणका कमी करते. फळी सगळं वजन पसरवते, त्यामुळे तिच्या खालचा मऊपणा खेळाला आड येत नाही. मऊपणा नको तो पाय आणि फळी यांच्या मध्ये.

सरकणं थांबलं. वरचा बाण मात्र अजूनही मधूनच दगा देत होता.

पट्ट्या काढल्या. मॅटच्या एका कडेला चेन होती, ती उघडली. आत तीन थर: वर एक पातळ फिल्म, खाली तशीच दुसरी, दोन्हींवर विद्युतवाहक शाईच्या काळ्या रेषा, आणि मध्ये भोकं पाडलेला फोम. पाय पडला की वरची फिल्म भोकातून खाली वाकते, खालच्या फिल्मला टेकते आणि सर्किट पूर्ण होतं. मायक्रोवेव्हच्या सपाट बटणांची कल्पनाही हीच. सगळा खेळ त्या एक-दोन मिलिमीटरच्या फटीवर चालतो.

आता हिशेब बघा. पंचेचाळीस किलोची मुलगी एका पायाच्या चवड्यावर उभी राहिली आणि चवड्याचा टेकलेला भाग साठ चौरस सेंटिमीटर धरला, तर दर चौरस सेंटिमीटरवर पाऊण किलो भार येतो. फिल्म वाकवायला एवढा भार पुरून उरतो. पण चवडा दोन भोकांच्या मधल्या भागावर पडला तर तो भार फोमच पेलतो, फिल्म एकमेकींना टेकतच नाहीत आणि पडद्यावर ‘मिस’ येतं. वर्षभर वापरून फोम चेपला की उलट दुखणं सुरू होतं: फट मिटते आणि बाण दाबलेलाच राहतो. दोन्ही आजारांचं मूळ एकाच थरात आहे.

वरच्या बाणाखाली, फळी आणि मॅट यांच्या मध्ये, जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचा चौकोन ठेवला, बाणाच्या चौकटीपेक्षा थोडा लहान. खालची फिल्म किंचित उचलली गेली आणि बाण लागायला लागला. मग उरलेल्या तिन्ही बाणांखालीही पुठ्ठे घातले. त्याचा एक फायदा मला आधी सुचला नव्हता. बाण उंच झाल्यामुळे भाचीला खाली न बघता तळव्यानेच जागा कळायला लागली. जाड पुठ्ठा मात्र घालू नका, बाण कायमचा दाबला जातो. वरून पारदर्शक टेबल कव्हर टाकलं तर चुण्या पडत नाहीत, पण तेही पातळच हवं. जाड कव्हर भार पसरवतं आणि भोकावरचा दाब कमी करतं.

उजवा बाण तरीही चुकत होता. विजेला होणारा अडथळा मोजायला मल्टीमीटर लावला. डावा बाण दाबला की आकडा चारशे ओहमच्या आसपास स्थिर राहायचा, उजव्याचा हजारांत जाऊन खालीवर व्हायचा. दोष निघाला वरच्या कंट्रोल बॉक्समध्ये. तिथे फिल्मची शेपटी सर्किटवर नुसती दाबून धरलेली असते. हे असं करण्याला कारण आहे: सोल्डर करायला गेलात तर फिल्म वितळेल. चार स्क्रू काढले, कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून दोन्ही बाजू पुसल्या, शेपटी दाबून धरणाऱ्या पट्टीमागे सायकलच्या ट्यूबचा पातळ तुकडा घालून दाब वाढवला. आकडा चारशेवर आला.

एवढं सगळं कशासाठी, तर वेळेसाठी. असाच खेळ संगणकावर चालवणाऱ्या स्टेपमॅनिया या मोफत सॉफ्टवेअरच्या मूळ सेटिंगमध्ये ‘परफेक्ट’ मिळवायचं तर पाय ठेक्याच्या आधी किंवा नंतर ४५ मिलिसेकंदांच्या आत पडावा लागतो. मिनिटाला दीडशे ठेक्यांच्या गाण्यात दोन ठेक्यांमधलं अंतर ४०० मिलिसेकंद असतं. म्हणजे जवळपास नवव्या हिश्श्याच्या चुकीला परवानगी. हलगी वाजवणाऱ्याच्या हाताला एवढा फरक लगेच कळतो. अशा वेळी तळव्याखालचा प्लॅस्टिक वाकायला, चुणी उलगडायला लागणारा क्षणही महागात पडतो. टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू करा आणि ब्लूटूथ स्पीकर टाळा, नाहीतर चित्र आणि आवाज दोन्हींना उशीर होतो.

भाची साताऱ्याला परत गेली तेव्हा फळी तिच्या सामानात बसेना. मॅट नेली, फळी माझ्याकडेच राहिली. पट्ट्यांच्या जागांवर पेन्सिलने खुणा करून ठेवल्या आहेत. दिवाळीला येईल तेव्हा तिने स्वतः स्क्रू मारायचे ठरले आहे, आणि तोवर चारही बाणांखालच्या पुठ्ठ्यांऐवजी रेक्झिनचे चौकोन कापून ठेवायचे काम माझ्याकडे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात पुठ्ठा सादळतो.